पुडीत स्टीव्हिया नेमका किती? एका उत्तरासाठी ४१ दिवस

साखर सोडायला मला जेवढा त्रास झाला नाही, तेवढा एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला झाला. साखरेऐवजी वापरायच्या पुड्या विकणाऱ्या कंपनीला प्रश्न एवढाच होता, की तुमच्या एका पुडीत स्टीव्हिया, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या गोड पानांचा अर्क, किती आहे? उत्तर यायला ४१ दिवस लागले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात रक्ततपासणीपासून झाली. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारा आकडा, ६.१ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं. घरी येऊन हिशेब मांडला. दिवसाला सहा कप चहा-कॉफी, प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे ४८ ग्रॅम साखर नुसती कपातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं म्हणते. माझे कपच त्याच्या जवळजवळ दुप्पट भरत होते.

मध आणि गूळ हे पर्याय एका दिवसात बाद झाले. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. रंग, वास, चव वेगळी असली तरी रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. वजन किंवा साखर काबूत ठेवायची म्हणून कुणी साखरेऐवजी मध घेत असेल, तर त्यांनी आज थांबावं.

मग उरलं नैसर्गिक की कृत्रिम. इथे मी फार विचार केलाच नाही. कृत्रिम म्हणजे वाईट हे डोक्यात पक्कं बसलेलं होतं. हिरवं पान छापलेली, ‘नैसर्गिक स्टीव्हिया’ असं ठळक लिहिलेली पुडी घेतली आणि तीन आठवडे निश्चिंत मनाने वापरली. एक दिवस मुलगी पाकीट उलटं करून वाचत होती. म्हणाली, “आई, यात पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन आहे. स्टीव्हिया शेवटी आहे.”

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर. तिला गोडी फारशी नसते, पण पोटात गेल्यावर तिचं झपाट्याने ग्लुकोज होतं आणि ग्रॅमला ४ कॅलरी मिळतात, साखरेइतक्याच. मी ज्या गोष्टीपासून पळत होते तीच पुडीत भरलेली होती.

पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या नंबरावर फोन केला. पहिल्या मुलाने फार नम्रपणे सांगितलं, “मॅडम, आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के नैसर्गिक आहे.” मी म्हटलं, मी ते विचारलंच नाही, १ ग्रॅमच्या पुडीत स्टीव्हिया किती मिलिग्रॅम, एवढंच सांगा. तो म्हणाला, “मॅडम, माल्टोडेक्स्ट्रिनसुद्धा मक्यापासूनच बनतं, तेही नैसर्गिकच आहे.” माझा खरा संताप इथे सुरू झाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ‘नैसर्गिक’ हा शब्द किती पोकळ आहे, ते त्याच्या तोंडून मला कळलं. साखरसुद्धा उसापासूनच बनते.

दुसऱ्या फोनला “ईमेल करा”. ईमेलला आपोआप आलेली पोच. आठ दिवसांनी उत्तर आलं, त्यात स्टीव्हियाच्या पानाचे गुण सांगणारं पत्रक. पुन्हा तोच प्रश्न पाठवला. तेव्हा कळवलं की प्रमाण हा कंपनीचा गोपनीय फॉर्म्युला आहे. मी लिहिलं की मला कृती नको, मी रोज काय पिते तेवढं सांगा. त्यावर बारा दिवस काहीच नाही. पुन्हा फोन केला तर माझी तक्रार ‘निकाली काढली’ असल्याचं समजलं. कुणी निकाली काढली, कशावरून, हे कुणालाच सांगता येईना. नवी तक्रार, नवा क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून तीच कहाणी.

हे चाललेलं असताना मी स्वतः आकडेमोड केली. ज्याला उत्तर मिळत नसेल त्याने हे जरूर करावं. पाकिटावर लिहिलेलं होतं, एक पुडी म्हणजे दोन चमचे साखरेची गोडी, म्हणजे साधारण ८ ग्रॅम. स्टीव्हियाचा शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. मधला २५० धरला तर ८ ग्रॅमला २५० ने भागायचं. येतात ३२ मिलिग्रॅम. पुडी १ ग्रॅमची. म्हणजे तीन टक्के स्टीव्हिया आणि ९७ टक्के भरताड.

तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. नणंदबाईंना मधुमेह आहे, त्यांचं ग्लुकोमीटर मागून आणलं. सकाळी उपाशीपोटी १०२. ग्लासभर पाण्यात दहा पुड्या विरघळवून प्यायले. चाळीस मिनिटांनी १३१. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गोडीचे, भरताड नसलेल्या स्टीव्हियाचे थेंब पाण्यात घातले. आधी १०१, नंतर ९९. एकाच माणसावरचा प्रयोग आहे हा, पुरावा म्हणून मिरवण्यासारखा नाही. पण मला माझ्यापुरतं दिसलं. वन्सं म्हणाल्या, “अगं, मी दोन वर्षं हीच पुडी घेतेय.”

न्यायाने सांगायचं तर दिवसाला सहा पुड्यांतून साधारण २४ कॅलरी जात होत्या, साखरेतून १९२ जायच्या. नुकसान मोठं नव्हतंच. भरताड लागतं हेही मला मान्य आहे. ३२ मिलिग्रॅम पावडर चिमटीतही नीट धरता येत नाही, पुडीत काहीतरी भरावंच लागणार. माझा राग लपवण्यावर आहे. आणि ज्याला पुड्यांऐवजी मोठ्या पिशवीतली, वाटीला वाटी मोजून घालायची ‘स्टीव्हिया साखर’ वापरायची आहे, त्याच्यासाठी हे भरताड किरकोळ राहत नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. प्रति पुडी ०.०३ ग्रॅम. म्हणजे ३० मिलिग्रॅम. माझा हिशेब बरोबर निघाला याचा मला अभिमान वाटला, हे लपवत नाही.

या सगळ्या दिवसांत वाचन झालं आणि नैसर्गिक-कृत्रिम ही माझी भिंत पडली. स्टीव्हिया मूळचा पॅराग्वेच्या भागातला, पण खाद्यपदार्थांत ज्याला मान्यता आहे तो पानांचा चुरा नव्हे, तर ९५ टक्क्यांहून शुद्ध केलेला अर्क. तो कारखान्यातच होतो. एरिथ्रिटॉल हे साखरेऐवजी वापरायचं आणखी एक गोड द्रव्य काही फळांत असतं, पण पाकिटातलं यीस्टने ग्लुकोज आंबवून बनवतात. उलट सुक्रालोज ‘कृत्रिम’, तरी ते साखरेच्याच रेणूत क्लोरीनचे तीन अणू घालून होतं. १९७६ साली लंडनच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाने ‘टेस्ट’ म्हणजे तपासणी करायला सांगितलेलं ‘टेस्ट’ म्हणजे चव घ्यायला असं ऐकलं, पूड जिभेवर ठेवली आणि सुक्रालोजची गोडी सापडली. साखरेच्या ६०० पट.

अस्पार्टेम या कृत्रिम गोड द्रव्याबद्दल मला सगळ्यात जास्त भीती होती. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २बी गटात टाकलं, तेवढीच बातमी मी ऐकली होती. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी कायम ठेवली, हे ऐकलं नव्हतं. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला डाएट शीतपेयाचे ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. फिनाइलकीटोन्युरिया (अस्पार्टेममधला फिनाइलअलनिन हा घटक शरीराला नीट पचवता न येणारा जन्मजात विकार) असलेल्यांनी मात्र ते अजिबात घेऊ नये, त्यासाठी पाकिटावर इशारा असतो. मर्यादा स्टीव्हियालाही आहे, हे हिरव्या पानाखाली कुणी ठळक लिहीत नाही.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे गोडवे वापरू नका असा सल्ला दिला. त्यात स्टीव्हियाही आहे. आधीच मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही. मी अधेमधे, म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कुबडी म्हणून वापरा, पण गोडीची सवयच उतरवत न्या.

तसंच केलं. सगळे कप एकदम बदलू नका. मी दर आठवड्याला एका कपाची गोडी अर्ध्यावर आणली. आता चार कप बिनगोडीचे आहेत, दोनात स्टीव्हियाचे थेंब. स्टीव्हियाची कडवट शेपटी नको असेल तर लेबलवर ‘रेब-एम’ शोधा. ‘रेब-एम’ आणि ‘रेब-ए’ हे स्टीव्हियाच्या पानातलेच गोड घटक, पण ‘रेब-ए’पेक्षा ‘रेब-एम’ची चव साफ लागते. थेंबही कमीच घाला, जास्त घातले की कडवटपणा वाढतो. अस्पार्टेम वापरत असाल तर गॅस बंद केल्यावर घाला, फार वेळ उकळलं की गोडी जाते. भाजायच्या पदार्थात यातल्या कशानेही साखरेसारखा रंग आणि फुगवटा येत नाही. मी तीनदा प्रयत्न करून तो नाद सोडला.

लेबलवर नावाऐवजी आकडे असतील तर एवढे लक्षात ठेवा: ९५१ अस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया, ९६५ माल्टिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल. माल्टिटॉलवाल्या ‘शुगर फ्री’ चॉकलेटने माझं पोट दिवसभर बिघडलं होतं. त्याने रक्तातली साखरही वाढते, साखरेपेक्षा कमी, पण वाढते. एरिथ्रिटॉलने वाढत नाही. मात्र २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तातलं एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आढळला. शरीर स्वतःही एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण तेच असं सिद्ध झालेलं नाही. तरी हृदयाचं दुखणं असेल तर ते रोज वाटीने घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. वन्संना मी तेच सांगितलं.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: घरात कुत्रा असेल तर ९६७ म्हणजे झायलिटॉल घरात आणूच नका. माणसाला ते चालतं, पण कुत्र्याच्या पोटात थोडं गेलं तरी त्याच्या रक्तातली साखर एकदम कोसळते आणि जीव जाऊ शकतो. आमच्या शेजारच्यांनी झायलिटॉलचे च्युइंगगम टेबलावर उघडे ठेवलेले पाहिले, तेव्हा मी त्यांना तिथेच ते उचलायला लावले.