चार पर्यायांतून निवडलेलं प्रेम

मी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपण एक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो असे व्हिडिओ गेम, खेळते हे कळलं की एक प्रश्न ठरलेला. "सगळं आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, तुम्ही फक्त चारांतला एक पर्याय निवडता. मग त्या पात्रांवर जीव जडतोच कसा?" विचारणाऱ्याच्या आवाजात कुतूहल जास्त असतं की काळजी, देव जाणे. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

तुमचा आक्षेप निम्मा खराच आहे. यातली बरीच प्रेमप्रकरणं म्हणजे निव्वळ हिशेब असतो. 2009च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये तुमच्या प्रत्येक साथीदाराची तुमच्यावर किती मर्जी आहे याचा आकडाच दिसतो, उणे 100 ते अधिक 100. त्याला रुचेल असं बोललात की आकडा चढतो. नाही चढला तर भेटवस्तू आहेतच. मॉरिगनला दागिने द्यायचे, अ‍ॅलिस्टरला छोट्या मूर्ती. भेटींचा सपाटा लावला तर पुढच्या भेटीचा प्रभाव थोडा घटतो, एवढाच काय तो अंकुश. तुमच्या वागण्यावर कुणी रुसलं तरी एखाद्या दागिन्यात रुसवा निघतो. याला प्रेम म्हणत नाहीत, लाच म्हणतात.

पण त्याच गेममधल्या अ‍ॅलिस्टरचं बघा. लोगेन नावाचा सेनापती ऐन लढाईत सैन्य मागे घेतो. राजा मारला जातो, आणि अ‍ॅलिस्टरला वडिलांच्या ठिकाणी असलेला डंकनसुद्धा. बऱ्याच पुढे, सरदारांच्या भरसभेत, हाच लोगेन द्वंद्वात हरतो. त्याला मारायचं की आपल्या ग्रे वॉर्डन पथकात घ्यायचं, हे तुमच्या हातात. व्यवहार बघितला तर घेणंच शहाणपणाचं: वॉर्डन जेमतेम उरलेत आणि हा कसलेला योद्धा आहे. मात्र त्याला घेतलंत की अ‍ॅलिस्टर पथक सोडतो. आकडा 100वर असो, तुमचं त्याच्याशी जुळलेलं असो, मूर्तींचा ढीग दिलेला असो. मनधरणी करून बघा, नाही राहत तो.

मला प्रेमाची पहिली खूण तिथे दिसली, चुंबनाच्या प्रसंगात नाही. या गेममध्ये खेळाडूला अफाट सत्ता मिळते. कुणाला जगवायचं, कुणाला गादीवर बसवायचं, सगळं आपणच ठरवायचं, आणि जाब विचारणारं कुणी नाही. गावकरी आभार मानतात, बक्षीस देतात, विषय संपतो. दिवसभर जे केलं त्याबद्दल रात्री छावणीत तोंडावर बोलणारं माणूस म्हणजे तो साथीदार. त्याच्याशी जुळलेलं असलं की प्रत्येक निर्णयाआधी त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. जीव जडतो तो इथे.

आता चार पर्यायांचं. 2007च्या 'मास इफेक्ट'मध्ये गॅरस आणि टाली या साथीदारांवर प्रेम करण्याचा पर्यायच नव्हता, एकसुद्धा. खेळणारे तरीही त्यांच्यात गुंतले, इतके की 2010च्या दुसऱ्या भागात गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीला तो पर्याय द्यावा लागला. म्हणजे जीव आधी जडला, पर्याय मागून आला. गॅरस शेजारी उभा राहून लढायचा, वाद घालायचा, तेवढं पुरलं.

नकाराची गंमत तर जुन्या गेममध्ये होती. 2000 सालच्या 'बाल्डर्स गेट 2'मध्ये एरी नावाची पंख छाटलेली एल्फ मुलगी तुमच्या चमूत येते. तिच्याशी प्रेमाचं बोलणं तुम्ही सुरू करू शकत नाही. ठरावीक वेळ गेला की तीच येऊन बोलते. एका रात्री ती स्वतःहून जवळ येते. खेळाडू खूश, मेहनत फळाला आली म्हणून! हो म्हटलंत की नंतर तिलाच घाई झाल्यासारखं वाटतं आणि प्रकरण तिथेच मिटतं. ते पुढे न्यायचं असेल तर त्या रात्री हळुवारपणे नाही म्हणायचं. ज्यानं तिला बक्षीस समजलं तो गेला कामातून. ज्यानं हे लिहिलं त्याला माझा नमस्कार.

'विचर 3'मध्ये ट्रिस आणि येनेफर या दोन्ही जादूगारणींना 'तूच माझी' म्हणणाऱ्या गेराल्टला, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाला, त्या दोघी मिळून पलंगाला बांधून निघून जातात. यावर अधिक भाष्य करत नाही.

आणि खरं सांगू? मला या सगळ्यांतलं सर्वात आवडतं नातं प्रेमाचं नाहीच. 2019च्या 'डिस्को एलिसियम'मध्ये तुम्ही दारूनं स्मृती घालवलेला, बिल्ला हरवून बसलेला पोलिस असता, आणि सोबत येतो किम कित्सुरागी. नीटनेटका, तुटक बोलणारा, हातात वही. तुमच्यावर त्याचा किती विश्वास बसलाय याची नोंद गेम गुपचूप ठेवतो, आकडा दाखवत नाही. त्यामुळे लाच द्यायची सोयच नाही. आपण काहीतरी येडपटासारखं बोलतो, किम क्षणभर थांबतो आणि तपासाचा पुढचा मुद्दा काढतो. त्या थांबण्यापुढे उणे 20 गुण परवडले. हळूहळू लक्षात येतं, आपण किमला काय वाटेल या हिशेबानं वागायला लागलोय. समोरची बाटली दिसूनही हात मागे घेतोय.

रात्री तो झोपायला खोलीत जातो. मग मात्र मी ती बाटली उचलते.