माउथपीस कशाने चमकवू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ट्रम्पेट हातात घेतलेले बहुतेक जण थोड्याच दिवसांत माउथपीसबद्दल, म्हणजे ओठ टेकवून फुंकायच्या सुट्या तोंडाबद्दल, हे विचारतात: "माउथपीस काळा पडलाय, कशाने चमकवू?" मी उलट विचारते, आतून शेवटचा कधी धुतलात? मग जरा शांतता.

एकदा उजेडासमोर धरून आरपार बघा. ट्रम्पेटच्या माउथपीसचा घसा, म्हणजे सगळ्यात अरुंद जागा, साधारण ३.६ मिलिमीटरची. सगळी फुंक त्या भोकातून जाते, आणि थुंकीतली घाणही तिथेच साचते. चारी बाजूंनी पाव मिलिमीटर थर बसला, तर वाटेचा जवळजवळ चौथा हिस्सा बंद! मग वरचे सूर लागेनात की माणूस ओठांना दोष देतो.

धुणं अगदी सोपं आहे. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि माउथपीसचा निमुळता ब्रश. ब्रश शँकच्या बाजूने, म्हणजे वाद्यात बसणाऱ्या दांड्याकडून, घालायचा, फिरवायचा, खळखळून धुवायचं, कोरडं पुसायचं. आठवड्यातून एकदा पुरे. वाजवून झाल्यावर रोज नुसतं पाणी. जेवून लगेच वाजवू नका, निदान चूळ तरी भरा. उकळत बसायची गरज नाही.

हा निव्वळ टापटिपीचा सोस नाही. २०१० साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रॉम्बोनवादकाची हकिकत आली होती. १५ वर्षं खोकला. जंतू आणि बुरशी निघाली त्याच्याच वाद्यात. वाद्य नियमित साफ करायला लागल्यावर खोकला गेला.

वाजवून झालं की माउथपीस काढून ठेवा, नाहीतर अडकतो. अडकलाच तर पक्कड लावू नका, वाद्याची नळी पिळवटते. त्यासाठी पुलर मिळतो, दुरुस्तीवाल्याकडे असतोच. पडून शँकची कड चेपली असेल, तर तेही त्याचंच काम.

आता चमक. बहुतेक माउथपीस पितळेचे, वर चांदीचा मुलामा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते, त्याने सुराचं काही बिघडत नाही. चांदी पुसायचं मऊ कापड फिरवलं की झालं. लिंबू-व्हिनेगरमध्ये भिजत ठेवू नका. मुलामा उडालेला असेल तिथे आम्ल पितळेतलं जस्त खातं आणि गुलाबी डाग उरतात.

आणि टूथपेस्ट नको. शिकत असताना मी रोज टूथपेस्टनेच घासायचे. काय झळाळी! वर्षभरात रिमवरची, म्हणजे ओठ टेकतात त्या कडेवरची, चांदी गेली, खालचं पिवळं पितळ ओठाला लागायला लागलं, ओठ खाजून लाल. पुन्हा मुलामा चढवता येतो, पण मी कंटाळा केला आणि नवा घेतला. तो जुना अजून आहे. वाजवत नाही, पण कुणी चमकेबद्दल विचारलं की आधी त्याची रिम दाखवते.