चिऱ्याचं मागचं अंगण: दरजांपर्यंत आलो

मंडळी, मागच्या वेळी धुम्मस मारून तळ पक्का केला तिथवर सांगितलं होतं. आता लाद्या बसल्या आहेत आणि दरजा, म्हणजे लाद्यांमधल्या फटी, भरायचं काम अर्ध्याच्या पुढे गेलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गोव्यातल्या फोंड्याजवळचं जुनं घर, मागे कुळागराकडे (पोफळीच्या बागेकडे) उतरणारी 3 मीटर रुंद आणि साडेचार मीटर लांब जागा. खाली ठोकून बसवलेली 10 सेंटिमीटर खडी, वर दोन इंची चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) लाद्या, कडेला काळ्या दगडाची एक ओळ.

शहाबादी का नाही, असं दोघांनी विचारलं होतं. शहाबादी स्वस्त पडते, बसवायलाही सोपी, पण आमच्याकडे जुलैत तिच्यावर शेवाळ धरलं की आजीला मागच्या दारानं बाहेर सोडायची भीती वाटते. चिऱ्यावरही शेवाळ येतंच, पण त्याचा खरखरीतपणा पायाला धरून ठेवतो. चिरा निवडताना एकच बघा: पिवळ्या-पांढऱ्या मातीचे गठ्ठे. पावसात ती माती धुपून जाते आणि लादीला भोकं पडतात. शिवाय खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून लाद्या आणल्या आणल्या न बसवता भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

उतारावरून गवंड्याशी बराच वाद झाला. 60 ला 1, म्हणजे 3 मीटरला 5 सेंटिमीटर, असा मी धरला. “पात्राव, इतलो देंवतो कित्याक?” (मालक, इतका उतार कशाला?) त्याचं म्हणणं, खुर्ची डुलेल. पण वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात खुर्चीपेक्षा पाण्याची सोय आधी बघावी लागते. पाण्याच्या नळीने लेव्हल काढली, सुतळ्या ताणल्या आणि जोत्याच्या बाजूला लादीचा माथा जोत्याच्या वरच्या कडेपासून 15 सेंटिमीटर खाली ठेवला. याहून वर आणलात तर उडालेलं लाल पाणी भिंतीवर चढतं आणि सच्छिद्र चिरा ओल आत खेचतो.

लाद्या बसवताना चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मसाल्याचे गोळे ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते. मला ती पटत नाही. मधल्या पोकळीत पाणी साचतं, मुंग्या घर करतात आणि मऊ दगड नेमका तिथेच तडकतो. मसाला पूर्ण पसरा, लादी आधी भिजवून घ्या (कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतो), मग रबरी हातोड्याने ठोका. दुसऱ्या दिवशी लाकडी मुठीने वाजवून बघा, पोकळ आवाज आला की लादी काढून पुन्हा बसवा. चार कोपरे एका ठिकाणी येऊ देऊ नका, बघायलाही बरं दिसत नाही.

आता दरजा. इथे मी सिमेंट टाळलं. चिरा मऊ, सिमेंटची दरज त्याच्याहून कडक. पाणी मग दरजेतून न सुटता दगडातून वाट काढतं आणि लादीच्या कडा झिजतात, दरज मात्र उंचवट्यासारखी उभी राहते. दरज दगडापेक्षा कमजोर हवी, म्हणजे खराब झाली तर तीच होईल आणि ती पुन्हा भरता येते. एक भाग चुना, एक भाग सुर्की (विटांची भुकटी), दोन भाग चाळलेली रेती असं मिश्रण केलं. नुसता चुना हवेवर फार सावकाश पकडतो, ओलसर जागी सुर्की त्याला आधार देते. सुर्की कमी भाजलेल्या विटांचीच घ्या. काळ्या पडलेल्या जळक्या विटांची पकडत नाही. मसाला मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे आणि हाताला चिकटता कामा नये. पातळ केलात की लादीवर पांढरे डाग पडलेच समजा.

दरज 10 मिलिमीटर रुंद. आधी कुंचल्याने धूळ काढून पाणी शिंपडायचं, मग छोट्या थापीने मसाला थरांत ठासायचा. अंगठा दाबून ठसा जेमतेम उठेल इतका घट्ट झाला की लोखंडी सळईने ओढून किंचित खोल करायचा आणि ताठ ब्रशने कडा साफ करायच्या. दुपारनंतर, सावली आल्यावरच काम करतो. वर ओलं गोणपाट आठवडाभर, कारण मार्चचं ऊन चुन्याला आतून पकडूच देत नाही.

उरलीय ती वृंदावनाभोवतीची गोल ओळ. तिरके तुकडे ग्राइंडरवर पाणी सोडत कापतोय. मास्क लावा, कोरडी धूळ छातीत बसते. सीलर लावणार नाही, लादीतली ओल बाहेर पडायला वाट हवी. शिगम्याच्या सुट्टीत ती ओळ भरून झाली की पाइपने पाणी सोडून कुठे तुंबतं ते बघेन, आणि फोटो टाकेन.