रोजचे १३० किलोमीटर आणि विजेवरची गाडी

घरापासून कामाची जागा ६५ किलोमीटर. येऊन-जाऊन १३०, आठवड्यातले पाच दिवस, गेली नऊ वर्षं. या काळात दोन पेट्रोल गाड्या झिजवल्या. तिसऱ्या वेळी विजेवरची घेतली, त्याला आता दीड वर्ष होईल. काटा ४९ हजारांच्या पुढे गेलाय, म्हणजे अनुभव सांगण्याइतकी गाडी नक्कीच चालली आहे.

घेण्याआधी तीन महिने मी फक्त रेंजचे, म्हणजे एकदा भरली की गाडी किती किलोमीटर जाते याचे, आकडे घोकत होतो. ही ३८० देते, ती ४२०, तिसरी ४६५. रात्री जेवण झालं की हेच. बायको एकदा म्हणाली, "तुला जायचंय १३० आणि तू ४६५ साठी का भांडतोयस?" मी तिला बॅटरीचं आयुष्य, थंडी, मोठा वेग असं काहीबाही समजावलं. प्रश्न मात्र बरोबर होता. छापील रेंज प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून, ठरवून दिलेल्या वेगांच्या चक्रात मोजलेली असते. रोज तासभर मोठ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. त्याने किलोमीटरमागे किती वॅट-तास लागतात ते बघावं आणि उरलेला हिशेब स्वतः करावा.

माझा हिशेब असा. गाडीची वापरता येणारी बॅटरी ५० युनिटची. माझ्या रस्त्यावर सरासरी खर्च किलोमीटरला १५० वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). म्हणजे रोजचे साडेएकोणीस युनिट, बॅटरीच्या चाळीस टक्क्यांच्या आतच. जुन्या गाडीला याच अंतरासाठी आठ लिटर पेट्रोल लागायचं. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे मी रोज सत्तरेक युनिट जाळून वीस युनिटांचं काम करत होतो आणि बाकीच्यांनी रस्त्यावरची हवा तापवत होतो. हे कागदावर मांडलं त्या दिवशी जुन्या गाडीचा थोडा रागच आला. बिचारीचा दोष नव्हता म्हणा, इंजिन म्हटलं की ते असंच.

ज्याकडे तीन महिन्यांत मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं ती गोष्ट म्हणजे गाडी रात्री जिथे उभी राहते ती जागा.

गाडीबरोबर मिळालेला छोटा चार्जर पार्किंगच्या भिंतीवरच्या जुन्या प्लगला लावला. १० अँपिअरचा, म्हणजे २.३ किलोवॅट. गाडीत वीस युनिट भरायचे तर भिंतीतून बावीसेक ओढावे लागतात, कारण भिंतीतल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करताना दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाटेत जाते. एकूण साडेनऊ तास. वेळेचं गणित बसत होतं. नवव्या दिवशी सकाळी प्लग काढताना हाताला चटका बसला. बोर्डाची एक कड तपकिरी झाली होती. इस्त्री किंवा मिक्सर मोठा भार घेतात, पण काही मिनिटं. सलग नऊ तास दहा अँपिअर वाहून नेणं हे जुन्या, सैल झालेल्या प्लगचं काम नव्हे.

वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, आत पाहिलं आणि मान हलवली. "साहेब, गाडी नंतर दाखवा. आधी अर्थिंग कुठंय ते दाखवा." अर्थिंगची तार होती, पण पलीकडे कशालाच जोडलेली नव्हती. एवढे दिवस छोट्या चार्जरने तक्रार कशी केली नाही याचं मला आजही नवल वाटतं. बरेच चार्जर अर्थिंग नसेल तर सुरूच होत नाहीत.

मग खरं काम सुरू झालं. मीटरपासून माझ्या जागेपर्यंत २८ मीटर. स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, गळती झाली तर वीज तोडणारा वेगळा स्विच आणि नवीन अर्थिंग. वायर तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची. जरा बारीकही चालली असती, पण वायरमनचं म्हणणं, लांबच्या ओढीला आणि रात्रभराच्या भाराला हात आखडता घेऊ नये. शेजाऱ्यांची संमती घ्यावी लागली, कारण वायर त्यांच्या भिंतीवरून जात होती. सगळे हो म्हणाले. एका काकांनी मात्र पाऊस आला तर गाडीला शॉक लागतो का, हे तीन वेळा विचारलं. नाही लागत. गाडी आणि चार्जर एकमेकांशी आधी बोलतात, सगळं ठीक असेल तरच गनमध्ये, म्हणजे गाडीत खुपसायच्या चार्जरच्या टोकात, वीज येते. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांना पटलं की ते कंटाळले, कळलं नाही.

विकणाऱ्याने ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर गळ्यात मारायचा बराच प्रयत्न केला. त्यासाठी घराचा मंजूर भार वाढवावा लागला असता. मी ३.३ चा घेतला. बावीस युनिटांना पावणेसात तास लागतात आणि गाडी रात्री अकरा तास उभीच असते. रात्री दोनऐवजी पाचला भरली तर माझं काय बिघडतं? ज्याची गाडी घरी चारच तास टेकते त्याने मोठा चार्जर जरूर घ्यावा.

आता रस्त्याविषयी. रोज तोच रस्ता, तीच वेळ, तोच भार, म्हणजे प्रयोगशाळाच म्हणा. पहिले दोन महिने मी वही ठेवली होती. ताशी ११० ने गेलो तर किलोमीटरला १८५ वॅट-तास, ९० ने गेलो तर १५०. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकलो होतो, पण ते असं रोज संध्याकाळी पडद्यावर लिहून आलेलं कधी पाहिलं नव्हतं. ६५ किलोमीटरमध्ये वाचतात आठ मिनिटं, जातात सव्वादोन युनिट. पेट्रोल गाडीतही हे होतच असणार, पण तिथे टाकी भरली की विसरलं. इथे ते आकडे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी आपोआप नव्वदवर आलो.

कामाची जागा घरापेक्षा साधारण ४०० मीटर उंचावर आहे, हेही याच गाडीने मला सांगितलं. इतकी वर्षं जात होतो, चढ आहे एवढंच माहीत होतं. जाताना ११ युनिट लागतात, येताना साडेआठ. अठराशे किलोंची गाडी ४०० मीटर उचलायची तर गणिताने दोनेक युनिट लागतात. उतरताना मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि त्यातला काही भाग परत देते, सगळा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतःच हळू होते. ब्रेक इतका कमी लागतो की पावसाळ्यात डिस्कवर गंजाचा थर चढायला लागला. आता आठवड्यातून एकदा मुद्दाम दोन-चार कडक ब्रेक मारतो. मागे कोणी नाही हे बघून.

बॅटरीच्या बाबतीत मी एक मूर्खपणा केला. माझ्या मित्राकडे माझ्याआधी वर्षभर विजेवरची गाडी होती. त्याने बजावलं होतं, "काही झालं तरी ऐंशीच्या वर चार्ज करू नकोस." मी सहा महिने निष्ठेने ऐंशीलाच थांबत होतो. एका संध्याकाळी वाटेत दुसरीकडे जाऊन यायचं होतं, अंतर वाढलं. पडद्यावर २६ टक्के दिसत होते आणि बघता बघता १८ झाले. मधले आकडे आलेच नाहीत. घरी पोचलो, पण तो शेवटचा अर्धा तास मी एसी बंद करून, खिडक्या लावून, घाम पुसत काढला.

मग गाडीची पुस्तिका उघडली. गाडी आल्या दिवशीच उघडायला हवी होती. मित्राच्या गाडीत निकेलवाली बॅटरी आहे. माझ्या गाडीत लोह-फॉस्फेटची, लोक जिला एलएफपी म्हणतात. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे आत नेमकं किती उरलंय हे गाडीला व्होल्टेज मोजून नीट कळत नाही. ती किती आलं, किती गेलं याची बेरीज-वजाबाकी करत राहते आणि चुका साचत जातात. म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर टक्के भरा, असं पुस्तिकेत स्पष्ट छापलेलं होतं. आता शनिवारी रात्री शंभर, बाकी दिवस नव्वद. आकडा परत तसा घसरला नाही. मित्राचा सल्ला चुकीचा नव्हता, तो त्याच्या गाडीचा होता.

थंडी आली आणि हिशेब बदलला. पेट्रोल गाडीत हीटर फुकट असतो, इंजिनाची वाया जाणारी उष्णताच आत सोडायची. इथे ती उष्णता बॅटरीतून तयार करावी लागते. वर थंड हवा दाट, टायरमधली हवा उतरलेली, बॅटरी गारठलेली. किलोमीटरला १५० चे १९० झाले. दिवसाला पंचवीस युनिट, म्हणजे जवळपास अर्धी बॅटरी.

अशाच एका रात्री मी गन लावली आणि वर निघून गेलो. साडेदहाचा टायमर लावलेला, सकाळी निघायच्या जरा आधी भरून होईल असा. सकाळी सातला खाली आलो तर ४१ टक्के. आदल्या संध्याकाळी होते तेवढेच. गन नीट आत बसली नव्हती, खटका वाजलाच नव्हता. गाडीने रात्री फोनवर तसं कळवलं होतं, फोन मूक होता.

४१ टक्के म्हणजे शंभरेक किलोमीटर. जायला भरपूर, पण परत यायला कमी. शांतपणे विचार केला असता तर सरळ कामाला गेलो असतो आणि संध्याकाळी वाटेतल्या फास्ट चार्जरवर थांबलो असतो. पण घाबरलेला माणूस आधी टाकी भरतो, आणि इतक्या वर्षांची पंपाची सवय अंगात मुरलेली. घरापासून दहा किलोमीटरवर चार्जर होता तिथेच घुसलो. फलकावर ६० किलोवॅट. माझी गाडी घेत होती १८. रात्रभर गारठलेली बॅटरी जोरात वीज घेऊ शकत नाही, घेतली तर पेशींच्या आत लिथियमचा मुलामा बसतो, म्हणून गाडी स्वतःच हात आवरते. वीस मिनिटांत सहा युनिट. आधी रांगेत वीस मिनिटं गेलीच होती. चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. संध्याकाळी पन्नासेक किलोमीटर चालून तापलेल्या बॅटरीने तेवढीच वीज याच्या अर्ध्याहून कमी वेळात घेतली असती.

त्यानंतर थंडीत एक सवय लावली. निघायच्या वीस मिनिटं आधी, गन लावलेली असतानाच, गाडी आतून गरम करायला सांगतो. ती वीज भिंतीतून जाते, बॅटरीतून नाही. आणि हवेपेक्षा सीट तापवण्यावर भर देतो, तिला फार कमी वीज लागते.

लांब पल्ल्याच्या लोकांनी वॉरंटीचा कागद मात्र नीट वाचावा. बॅटरीला बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी अट असते. दुकानात मोठ्याने म्हणतात ते आठ वर्षंच. माझे वर्षाला ३२,५०० तर फक्त कामाचेच होतात. पाच वर्षांच्या आतच माझी वॉरंटी संपणार. यावर रात्री जागून गणित केलं. माझ्या गाडीत एक पूर्ण बॅटरी म्हणजे ३३० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे १,६०,००० किलोमीटरला सुमारे ४८० आवर्तनं (बॅटरी एकदा पूर्ण भरून रिकामी झाली की एक आवर्तन). लोह-फॉस्फेट बॅटरीकडून दोन हजारांहून जास्त आवर्तनांची अपेक्षा असते. किलोमीटरची भीती गेली. बॅटरी नुसत्या वयानेही म्हातारी होते, पण ते चालवा अगर ठेवा, होणारच. टायर मात्र ३८ हजारांवर बदलावे लागले. गाडी जड, सुरुवातीचा जोर जास्त, आणि पहिले दोन महिने सिग्नलवरून मी जसा सुटायचो त्याचाही त्यात वाटा आहे.

गेल्या महिन्यात कामावरच्या एका मुलाने विचारलं, "दादा, रेंज किती देते?" तो रोज ९० किलोमीटर करतो. मी विचारलं, "तुझी गाडी रात्री कुठे असते?" म्हणाला, "जागा मिळेल तिथे, रस्त्यावर." "आणि इथे?" इथे तर कुठेच प्लग नाही. मग थांब वर्षभर, म्हणालो, किंवा आधी जागेचं बघ. त्याचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी तो मला एका नव्या गाडीचा पडदा किती मोठा आहे ते फोनवर दाखवत होता.