ढोलाचा ठोका आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा फ्रेम रेट

ढोल-ताशा पथकाचा व्हिडिओ एडिटला घेतला की फ्रेम रेटकडे (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, तो आकडा) दुर्लक्ष करून चालतच नाही. लग्नाच्या व्हिडिओत, ट्रॅव्हल व्हिडिओत एखादी फ्रेम इकडची तिकडे झाली तर कुणाला पत्ता लागत नाही, पण इथे टिपरू ढोलाच्या पानावर पडताना दिसतं आणि आवाज त्याच क्षणी यायला हवा, दोन-तीन फ्रेम मागेपुढे झालं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण वादन "लागत" नाही, आणि ज्या पोरापोरींनी पावसात चिखलात उभं राहून सराव केलाय त्यांना तर ते पहिल्या आवर्तनातच कळतं. म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे आणि जरा सविस्तर लिहितोय.

फुटेज येतं कसं ते बघा. मेन कॅमेरा 25 वर. दुसरा मित्र येतो त्याचा मिररलेस 23.976 वर, कारण "सिनेमॅटिक" दिसतं. कुणाचा तरी कॅमेरा विकत घेतल्यापासून एनटीएससी (अमेरिकन टीव्ही पद्धतीच्या) मोडलाच आहे म्हणून 29.97. काठीवर लावलेला ॲक्शन कॅमेरा 59.94. आणि मग फोन, गॅलरीतून, गर्दीतून, खांद्यावर बसलेल्या पोराच्या हातातून, सगळे म्हणायला 30.

हे 29.97 आणि 23.976 असले तुटके आकडे आपल्याकडचे नाहीतच. 1953 साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं स्टँडर्ड ठरलं तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबुड करू नये म्हणून 30 चा वेग हजारात एक भागाने कमी केला, ते तेव्हापासून चालत आलंय. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झ, 1982 ला दूरदर्शन रंगीत झालं ते पॅल या टीव्ही पद्धतीवर, म्हणजे 25. आणि आज टीव्हीचा विषय सोडला तरी विजेचा सुटत नाही. मांडवातले, रस्त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, तुम्ही 30 वर 1/60 शटर (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड) ठेवून शूट केलं की संध्याकाळनंतरच्या फुटेजमध्ये काळे पट्टे सरकायला लागतात किंवा सगळं लुकलुकतं, आणि ते एडिटमध्ये नीट काढणं महाकर्मकठीण. 25 वर 1/50 ठेवा, बहुतेक ठिकाणी प्रश्नच येत नाही. माझं मत अगदी ठाम आहे, भारतात शूट करताय आणि दिव्याखाली करताय तर टाइमलाइन (एडिटमध्ये क्लिप लावायची पट्टी) 25 चीच. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तर हे आधीच ठरवायला लागतं, एकदा मीडिया आत घेतला की प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट बदलू देत नाही.

आता 25 च्या टाइमलाइनवर बाकीचे टाकले की नेमकं होतं काय. 30 ची क्लिप टाकली तर दर सहावी फ्रेम गळते. वादक जागेवर उभा असेल तर दिसतही नाही, पण कॅमेरा आडवा फिरत असेल, पथकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तर सेकंदाला पाच बारीक झटके बसतात. 23.976 ची टाकली तर उलटं, सेकंदाला साधारण एक फ्रेम दोनदा दिसते, एकच अडखळणं, पण सावकाश पॅनमध्ये (कॅमेरा आडवा फिरवताना) ते जास्त खुपतं असं मला वाटतं. 60 ला तर 25 ने भागच जात नाही, कधी दुसरी फ्रेम उचलली जाते कधी तिसरी, चाल एकसारखी राहत नाही. 50 मात्र सरळ, एक आड एक फ्रेम. पण त्यातही एक गोम आहे, 50 किंवा 60 वर लोक शटर 1/100, 1/120 ठेवतात, मग त्यातल्या निम्म्या फ्रेम उडवल्या की उरलेल्या फारच कोरड्या दिसतात, हाताच्या हालचालीला जो हलका ब्लर हवा तो नसतो आणि बाजूच्या 25 च्या शॉटला लावलं की ते लगेच उठून दिसतं. स्लो मोशन करायचंच नसेल तर 50 वर पण शटर 1/50 ठेवता येतं, हे सांगून ठेवा शूट करणाऱ्याला.

मी क्लिप दोन ढिगांत वेगळ्या करतो. ज्यात ठोका दिसतो आणि त्याचा आवाज लागणार आहे तो एक ढीग, बाकीचं सगळं दुसऱ्यात.

दुसरा ढीग सोपा. ध्वज नाचवणारी मुलगी, फेटे, गर्दी, मूर्तीवर पडणारी फुलं, या क्लिपना आवाज लागणारच नाही, मग त्यांचा वेळ खरा कशाला हवा? रिझॉल्व्हच्या क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये जाऊन (प्रीमियर सॉफ्टवेअरमध्ये इंटरप्रिट फुटेज) 29.97 च्या क्लिपला सरळ 25 सांगायचं. एकही फ्रेम गळत नाही, क्लिप साधारण 83 टक्के वेगाने चालते, आणि ध्वज तर त्या वेगाला फार देखणा दिसतो. 59.94 ला 25 सांगितलं की जवळजवळ 42 टक्के, छान स्लो मोशन. 23.976 ला 25 सांगितलं की 4 टक्क्यांहून थोडं जास्त फास्ट, ते कुणाला कळत नाही. पॅलच्या देशांत टीव्हीवर सिनेमे वर्षानुवर्षं असेच दाखवले, 100 मिनिटांचा सिनेमा 96 मिनिटांत संपायचा.

पहिल्या ढिगाला हे अजिबात करायचं नाही. ठोक्याचा वेळ खरा राहिला पाहिजे, म्हणजे फ्रेम गळणार किंवा दोनदा दिसणार, ते मान्य करायचं आणि रीटाइम प्रोसेस नियरेस्टवर ठेवायचं, म्हणजे सॉफ्टवेअर नवी फ्रेम न बनवता जवळची खरी फ्रेमच दाखवतं. इथे लोक ऑप्टिकल फ्लो लावतात. नका लावू. सॉफ्टवेअर दोन फ्रेमच्या मधली फ्रेम अंदाजाने बनवतं, आणि टिपरू एका फ्रेममध्ये डोक्याच्या वर आणि पुढच्या फ्रेममध्ये कमरेला असेल तर बिचारं अंदाज तरी काय करणार. बाण दाबत एकेक फ्रेम पुढे जाऊन बघा, टिपरू मध्येच वाकतं, दोन होतात, मनगटात वितळतं, मागे भगवा हलत असेल तर त्याचाही तुकडा हाताला चिकटून येतो. ताशाच्या काड्या तर गायबच होतात. फ्रेम ब्लेंडने (दोन फ्रेम एकमेकींत मिसळल्या की) वितळत नाही पण काडीच्या जागी भूत दिसतं. त्यापेक्षा एखादा झटका परवडला, आणि तसाही झटका पॅनमध्ये दिसतो, म्हणून 30 च्या क्लिपमधले स्थिर शॉट ठोक्यासाठी घ्यायचे आणि पॅन दुसऱ्या ढिगात टाकायचे.

आता सगळ्यात डोकं खाणारा भाग, फोन. फोनचं 30 हे 30 नसतंच, व्हेरिएबल असतं, उजेड कमी झाला की फोन आपल्या मनाने फ्रेम कमी करतो, पुन्हा दिव्याखाली आलं की वाढवतो. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल लिहिलेलं दिसेल, खाली किमान आणि कमाल आकडेही असतात. अशी फाइल सरळ टाइमलाइनवर घेतली तर बऱ्याचदा आवाज चित्रापासून भरकटतो. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर, दोन्ही फुकट आहेत, त्यातून आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटला बदलून घ्यायची आणि मगच एडिट. स्क्रीन रेकॉर्डिंगलाही हेच लागू.

आणि सिंक (चित्र आणि आवाजाचा मेळ) गेला म्हटलं की लगेच फ्रेम रेटला दोष देऊ नका, आधी क्लिपची सुरुवात आणि शेवट दोन्हीकडचे ठोके वेगळ्या ठेवलेल्या ऑडिओ रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवून बघा. दोन्हीकडे फरक तेवढाच असेल तर ते अंतर आहे, फ्रेम रेट नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, 34 मीटर लांबच्या गॅलरीतल्या फोनवर ठोका सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो, 25 च्या टाइमलाइनवर अडीच फ्रेम. क्लिप तेवढी सरकवली की झालं. फरक एकसारखा वाढत जात असेल तर कुठेतरी 29.97 ची क्लिप 30 म्हणून किंवा 23.976 ची 24 म्हणून वाचली गेलीय, दहा मिनिटांत 0.6 सेकंद, म्हणजे तब्बल 15 फ्रेम, पण एक आकडा बदलला की सुटतं. आणि फरक मध्येच वाढतो, मध्येच कमी होतो, काही ताळमेळच नाही, तर समजायचं व्हेरिएबल, परत हँडब्रेक.

हे सगळं निम्म्यावर येतं जर पथकाच्या ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज टाकला तर. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे शो पॅल फॉरमॅट्स चालू केलं की 25 चा पर्याय दिसायला लागतो. कॅमेरावाल्यांनी पॅलला जायचं, पण ते घरीच करून यायचं, कारण काही कॅमेरे मोड बदलला की कार्ड फॉरमॅट करायला सांगतात आणि मिरवणुकीत कार्डावर सकाळचं शूट असतं. स्लो मोशन हवं असेल तर 50 किंवा 100, म्हणजे 25 मध्ये बरोबर निम्मं किंवा पाव. आवाजासाठी एक रेकॉर्डर ताशांच्या जवळ ठेवायचा, ढोलांच्या नाही, ताशाचा ठोका वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) टोकदार दिसतो आणि क्लिप जुळवायला तोच कामाला येतो.