मंगळ

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये. कारण इतकं फालतू आहे की लिहायलाही लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय ते जाणारही नाही.

दुपारी बंड्याने ग्रुपवर एक चित्र टाकलं. लहानपणी आम्ही पाहायचो त्या ‘जस्टिस लीग’ कार्टूनमधले सातजण ओळीने उभे, आणि एकेकाच्या पायाशी आमच्यातल्या एकेकाचं नाव. दादा अर्थातच सुपरमॅन. बंड्या स्वतः बॅटमॅन (याला अजून अंधारात जिना उतरवत नाही, पण असो). ताई वंडर वुमन, सुन्या ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल म्हणजे वहिनी. आणि मी तो हिरवा. टकला, निळा झगा पाठीवर सोडलेला, मंगळावरचा मार्शियन मॅनहंटर. वर बंड्याची टीप : ‘कायम मॉनिटरसमोर!’

फ्लॅशच्या पायाशी कुणाचंच नाव नव्हतं. त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

सगळ्यांनी हसून लोळणारे चेहरे टाकले, मीही टाकला. मग संध्याकाळी गाडीत उभी असताना, बहुधा मुंब्र्याच्या आसपास, कळलं की आपल्याला राग आलाय.

लहानपणी सुट्टीत लीग-लीग खेळताना हॉकगर्ल माझी होती. पाठीला सुतळीने बांधलेली दोन सुपं म्हणजे पंख, आणि हातात पोळ्यांचं लाटणं म्हणजे तिची गदा. सुपाला पाय लागला म्हणून आजीने मला तिन्हीसांजेला त्या सुपांना नमस्कार करायला लावला होता, तो पंखांसकट केला. वहिनी तेव्हा कुठे होती? वहिनीने मालिका पाहिली तरी आहे का? ९१ भाग आहेत, आधीचे ५२ आणि तिच्याच पुढच्या ‘अनलिमिटेड’चे ३९. मी दोनदा पाहिलेत सगळे.

पण वहिनीचा प्रश्नच नाही हा. तिच्यावर कशाला घसरतेय मी.

मग हिरव्यात काय एवढं लागण्यासारखं? लीगमधला सगळ्यात ताकदवान तोच असेल. भिंतीतून आरपार जातो, रूप बदलतो, दुसऱ्याच्या मनातलं वाचतो. कार्ल लंब्लीने त्याला असा आवाज दिलाय की तो नुसतं ‘दार लाव’ म्हणाला तरी ऐकत राहावं. पण तो कुणालाच व्हायचा नसायचा. आपल्या जातीतला शेवटचा उरलेला, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. बंड्याच्या मनात तसलं काही नसणार, एवढा विचार तो करत नाही. पण माझ्या पत्रिकेतला मंगळ आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून टोचलं असेल का? काकूने एखादं स्थळ... जाऊ दे, ते आज नाही.

खरं टोचतंय ते ‘मॉनिटर’. २००४ साली ‘अनलिमिटेड’ सुरू झालं तेव्हा लीगमध्ये नव्यांची खोगीरभरती झाली. सुपरमॅनने उभं राहून सगळ्यांना सांगून टाकलं की यापुढे कोण, कुठे, किती जण जाणार ते हा हिरवा ठरवेल. झालं. बाकीचे उडायला मोकळे आणि हा अंतराळात वॉचटॉवरमध्ये, म्हणजे लीगच्या तळावर, पडद्यासमोर उभा. दादाने मुंजीचं अगदी हेच केलं. ‘सगळं हिला विचारा.’ म्हणून बस माझ्याकडे, कुणाला कुठून घ्यायचं ते माझ्याकडे, कुणाला बिनसाखरेचा चहा, कोण जिने चढू शकत नाही, आत्याच्या सासूबाईंना पुढची सीट. तू काय, मोकळीच असतेस. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर व्याज मागावं.

मालिकेत पुढे त्याला उमगतं की आपण या माणसांना वाचवत राहिलो, पण त्यांच्यात राहिलोच नाही. तो सरळ रजा टाकतो आणि माणसांत राहायला निघून जातो. मी रजा टाकली तर? काही नाही, मुंज होईल. मुंजी होतातच. बस मात्र पनवेलला तासभर उभी राहील आणि काका फोनवर ओरडत असतील. मला त्याचं थोडं बरंही वाटेल, हे इथे लिहून ठेवते.

जेवल्यावर मुद्दाम तो नाताळचा भाग लावला. क्लार्क, म्हणजे सुपरमॅनच, त्याला स्मॉलव्हिलला आपल्या आईवडिलांकडे घेऊन जातो. मुलाची आरपार जाणारी नजर शिशापुढे चालत नाही, म्हणून त्याने आधीच आत डोकावू नये यासाठी भेटवस्तूंना शिसं लावलेला कागद गुंडाळलेला, हा विनोद मला अजूनही आवडतो. रात्री हा खिडकीशी मांजर घेऊन बसतो आणि आपल्या भाषेत गातो. घरातले गुपचूप ऐकतात. त्याला कुणी ‘आता पुढे काय करायचं रे?’ विचारत नाही. मी थोडी रडले. थोडीच.

आणि रडताना आठवलं ते भलतंच. ‘स्टारक्रॉस्ड’ हा भाग पाहिला ती सुट्टी. हॉकगर्ल तिच्या लोकांची हेर निघाली आणि सगळ्यांनी मला ‘फितूर, फितूर’ म्हणून अंगणभर पळवलं. लीगमधले तिच्यावर मतदान तरी घेतात, निकाल कळायच्या आधीच ती निघून जाते. आमच्याकडे मतदानबितदान नव्हतं. मी सुपं सोडून माडीच्या कोपऱ्यात ठेवली, विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, मी आजपासून हिरवा. तिथून मग मीच सगळ्यांना सांगायचे : तू गोठ्याकडे जा, तू आगरात, फ्लॅश, तू रस्त्यापर्यंत पळून ये. आणि तो खरंच पळून यायचा. दर वेळी.

म्हणजे बंड्याला बरोबर आठवत होतं. मीच विसरले होते. पंख होते ते जेमतेम दीड सुट्टी.

घर कुणाच्या नावावर, सह्या कुणी केल्या, हे मोठ्यांचं. फ्लॅशने ग्रुप सोडल्याला गणपतीत दोन वर्षं होतील. केटररला आत्ताच मेसेज केला, ११३ नाही, ११४ पानं धरा. फोन करायचा की नाही ते उद्या बघू. नंबर तोच असेल तर.

बारा वाजून गेले. बंड्याचा आत्ता, या वेळेला, मेसेज : ‘बस किती वाजताची?’ तीनदा टाकलंय ग्रुपवर. पिन करून ठेवलंय.

सहाची, बॅटमॅन. आणि जिन्यातला दिवा लावून उतर.