आमची वाटचाल : गंजाला गंज चढला तेव्हा

आमच्या वऱ्हाडात गंज दोन. एक लोखंडावर चढतो, दुसरा चुलीवर. म्हणजे पुण्या-मुंबईकडचं पातेलं. आमच्या वर्कशॉपला शहाणपण आलं ते या दोघांची गाठ पडली तेव्हा.

वडिलांचं काम लोखंडाचं. दर्यापूर तालुक्यात रस्त्याला लागून शेड, त्यात फाटकं, ग्रील, धान्याच्या कोठ्या आणि हंगामात डवऱ्याच्या, म्हणजे कोळप्याच्या, पासा. गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्याचा चहासुद्धा धड होत नाही, मग लोखंडी टाकीचं काय होणार! रंग लावून लावून कंटाळलो आणि मी स्टेनलेसमध्ये शिरलो. टिग वेल्डिंगचं मशीन घेतलं, त्याला लागणाऱ्या अर्गॉन वायूचं सिलिंडर आणलं, हात बसेपर्यंत बरीच शीट वाया घालवली. हे स्टील तापलं की साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं आणि उष्णता पुढे सरकू देत नाही. जोडाजवळचा पत्रा बशीसारखा वर येतो.

पहिली मोठी ऑर्डर एका मंगल कार्यालयाची. चार मोठे गंज आणि पाण्याची टाकी. उन्हाळ्यातली लग्नं झकास पार पडली. पावसाळ्यात मालक काकांचा फोन आला, "काहून बा, तुह्या गंजाले गंज चढला ना!" शेडमधली पोरं पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही.

महिनाभर मी पत्रा देणाऱ्या व्यापाऱ्याला शिव्या घातल्या. त्याने ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसच्या भावात हलकं २०२ ग्रेडचं दिलं होतं, हे खरंच. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, म्हणून ते स्वस्त. लोहचुंबक चिकटत नाही हे पाहूनच मी माल घेतला होता, पण चुंबक २०२ लाही चिकटत नाही. उलट खऱ्या ३०४ चा वाकवलेला कोपरा थोडा चिकटतो.

पण निम्मी चूक माझीच होती. स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. ते किमान १०.५ टक्के असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडची डोळ्यांना न दिसणारी पातळ साय धरते. ओरखडा पडला तरी हवा लागताच ती पुन्हा धरते. मी मात्र लोखंड कापलेल्या ग्राइंडरनेच हा पत्रा घासला. लोखंडाचे कण त्यात रुतले आणि तेच आधी गंजले. वेल्डिंगचा निळा-काळा डागही तसाच सोडला; त्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. वर आमचं खारं पाणी! त्यातल्या मिठाचं क्लोराइड सायीत जिथे कच्ची जागा सापडेल तिथे सुईएवढं भोक पाडतं.

तेव्हापासून स्टेनलेसची चाकं वेगळ्या पेटीत, जोडाला पिकलिंग पेस्ट (डाग काढणारी आम्लाची पेस्ट) लावून मग पाण्याने धुणं, आणि पत्रा आला की टेस्टिंग लिक्विडचा थेंब. २०२ वर तो लाल पडतो. बिलावर ग्रेड लिहून देतो. बोअरच्या पाण्याच्या टाकीला ३१६ ग्रेड सुचवतो. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त दाद देत नाही. भाव ऐकून गिऱ्हाईक उठून जातं कधी कधी. जाऊ दे.

स्टेनलेसचं उगाच कौतुकही करत नाही. तांब्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकीही उष्णता ते धड वाहून नेत नाही, म्हणून पातळ बुडाच्या गंजात पिठलं हमखास लागतं. आचाऱ्यांच्या शिव्या खाऊन आता बूड जाड देतो. अंबाडीची भाजी असो की ताकाची कढी, कल्हईची भानगड नाही, हे मात्र बायाबापड्यांना सांगावं लागत नाही.

काकांना टाकी पदरच्या पैशाने ३१६ मध्ये करून दिली. तीन गंज परत आणले. चौथा त्यांनी दिला नाही. त्यात म्हशीसाठी सरकी भिजते. डाग भरपूर आहेत, भोक अजून एकही नाही.